सांडू मिस्त्रीचे गुडघे

सांडू मिस्त्रीला मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. फरशी बसवणारा माणूस भिंतीकडून दाराकडे उलटा सरकत येतो, म्हणजे ताज्या फरशीवर त्याचा स्वतःचाच पाय पडत नाही. मी दारात उभा होतो आणि हा गडी गुडघ्यांवर बसून, माझ्याकडे पाठ करून, एकेक फरशी ठेवत माझ्याच दिशेनं येत होता. मी खाकरलो. त्यानं मान वळवली नाही.

"जरा थांबा. एवढी बसली की बोलतो."

छत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला 'थांबा' म्हणणारा माणूस सहसा आवडत नाही. पण थांबलो. त्यानं रबरी हातोडीनं चारही कोपरे ठोकले, लेव्हलची पट्टी आडवी-उभी ठेवून बघितली, मग बोटाच्या पेरानं फरशी वाजवली आणि कान देऊन ऐकलं. कुठं पोकळ लागत नाही अशी खात्री झाल्यावर वळला, हात जोडले आणि म्हणाला, "जय भीम सर. हां, आता बोला."

कन्नडच्या शाळेतून गणिताचा मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर मी इथं शहरात, सातारा परिसर म्हणतात त्या भागात घर बांधायला काढलं होतं. भिंती उभ्या राहिल्या, गिलावा झाला आणि पुंडलिक ठेकेदारानं फरशीला सांडूला पाठवलं. सांडू दाभाडे, मूळचा देवगाव रंगारीचा, वय पन्नाशी ओलांडलेलं. मी पहिल्या दिवसापासून त्याला अरेतुरे करायला लागलो. वर्गातल्या पोरांना अरेतुरे करून करून जिभेला तेच वळण पडलेलं. त्यानं कधी हरकत घेतली नाही आणि मला कधी खटकलं नाही. आता खटकतं.

माझी जीभ हा माझा अभिमानाचा विषय होता. कन्नड तालुक्यात कुणालाही विचारा, सर मारत नसत पण असं बोलत की पोरगं आठवडाभर मान वर करत नसे. हे लोक कौतुकानं सांगायचे आणि मी ते कौतुकानंच ऐकायचो.

तर सांडू. अठराव्या वर्षी देवगावहून शहरात आला, आधी डोक्यावरून माल वाहिला, मग शहाबादी फरशी बसवायला शिकला. पुढं मोझॅकचे दिवस आले, मग चिनी मातीच्या टाइल्स आल्या, आता ही दोन बाय चारची गुळगुळीत फरशी, जिच्यात आपलंच तोंड दिसतं. शहरातल्या लोकांच्या आवडी बदलत गेल्या, खाली टेकणारे गुडघे तेच राहिले. एकदा चहाच्या वेळी त्यानं पँट वर करून दाखवले. दोन्ही गुडघ्यांवरची कातडी टाचेसारखी जाड आणि राखी झाली होती. सिमेंटची रिकामी गोणी चौपदरी घडी करून तो गुडघ्यांखाली घ्यायचा. तासाभरात ती सिमेंटच्या घोळानं भिजायची आणि कुठंतरी मागं राहून जायची. मग तो तसाच बसायचा.

उठणं बघवत नसे. एक हात चौकटीला, एक हात मांडीवर, मग थोडा वेळ वाकलेलाच, मग कंबर, आणि मग कुठं माणूस सरळ व्हायचा. सकाळी हे पटकन व्हायचं. दुपारी चारनंतर त्याला चौकटीपर्यंत गुडघ्यांवरच यावं लागायचं.

"किती वर्षं काढणार अजून?" मी विचारलं.

"वर्षाचं नाय सांगत सर. बुद्धपौर्णिमेपर्यंत काढायचेत."

मग त्यानं सांगितलं. देवगावच्या वस्तीत जुना विहार होता, मातीच्या जमिनीचा. त्याची आई, साळूबाई, दर आठवड्याला तो सारवायची. सांडू लहान असताना वंदनेला गुडघे टेकले की जमिनीतले खडे टोचायचे, आणि तो कुरकुरला की आई म्हणायची, मोठा हो आणि गुळगुळीत कर. आई गेली. आता वस्तीनं वर्गणी काढून विहार नव्यानं बांधला होता, स्लॅब टाकून झाला होता, आणि फरशी सांडूच्या नावावर होती. मजुरी घ्यायची नाही असं त्यानंच सांगितलं होतं. बुद्धपौर्णिमेला उद्घाटन.

"सारी जिंदगी लोकायच्या घरात गुडघे टेकले सर. एकडाव आपल्या फरशीवर टेकायचेत. वंदनेला. सगळ्यायच्या संगं. मग गेले तरी जाऊ द्या."

हे तो रडत सांगत नव्हता. चहात बिस्कीट बुडवत सांगत होता.

त्याची मुलगी रूपा शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला. तिथं मशिनीखाली गुडघ्यावर बसून काम करणाऱ्यांना गुडघ्याला पॅड बांधल्याशिवाय सुपरवायझर हात लावू देत नाही, असं तिनं बघितलं होतं. बापाचे गुडघे तिनं जन्मापासून बघितलेले. फेब्रुवारीच्या शेवटी तिनं बाजारातून तसलीच एक जोडी आणली. काळी, पुढं कडक वाटी, आतून दोन बोटं जाडीचा फोम, मागून बांधायला दोन रुंद पट्टे. वस्तू चांगली होती. वाटी कडक असल्यानं ओल आत जात नव्हती, आणि काम झालं की पट्टे सोडून पॅड धुऊन वाळत घालता येत होते. रूपानं बापाला हे सगळं नीट समजावून सांगितलं होतं, हे मला पुढं कळलं.

सांडू ते बांधून आला त्या दिवशी मी हॉलमध्ये खुर्ची टाकून बसलो होतो. पुंडलिकही आला होता, आणि दोन वायरमन. सांडू जरा लाजत आत आला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि जीभ सुटली.

"अरे सांडू! सलामीला उतरलास की काय? बॅट कुठंय?"

वायरमन हसले. पुंडलिक हसला. सांडूही हसला. समोर हसणारी चार माणसं असली की मला थांबता येत नाही. मी कडुबाची गोष्ट काढली.

कडुबा हा माझा नववीतला विद्यार्थी. वर्गात उशिरा येणाऱ्याला मी दाराशी गुडघ्यांवर बसवत असे, पूर्ण तासभर. हे कार्टं रोज उशिरा यायचं आणि रोज बसायचं. एक दिवस माझ्या लक्षात आलं, की बाकीची पोरं पाच मिनिटांत चुळबुळ करतात आणि हा मात्र मजेत बसतो. उभा केला, पँट वर करायला लावली. आतून गुडघ्यांवर वाकळीचे जाड तुकडे शिवलेले! आईकडून शिवून घेतले होते. मी विचारलं, अरे, शिवायचेच होते तर आतून कशाला? तर म्हणतो, "भाहेरून लावले असते तर तुम्हाला दिसले असते सर."

हा किस्सा मी किती समारंभांत सांगितला असेल याची गणती नाही. कधी वाया गेला नाही. त्या दिवशीही गेला नाही. पुंडलिक तर डोळे पुसायला लागला. पण हसून झाल्यावर त्यानं सांडूच्या गुडघ्यांकडे नीट बघितलं.

"का रे मिस्त्री, गुडघे बोलाया लागले काय? तसं असंल तर आत्ताच सांग. पुढच्या महिन्यात चार मजल्याचं काम धरतोय. तिथं मला बसणारी मानसं पाह्यजेत, दुखणाईत नाय."

"काय नाय हो," सांडू म्हणाला. "पोरीनं आणलं म्हणून बांधलं जरा."

त्यानं तिथंच वाकून पट्टे सोडले आणि पॅड पिशवीत टाकले.

या धंद्यातली एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. फरशीवाल्याचे गुडघे गेले अशी नुसती कुणकुण लागली तरी त्याला कुणी बोलावत नाही. म्हणून हे लोक दुखणं लपवतात, तेल रात्री चोळतात, आणि ठेकेदारासमोर उठायची वेळ आली तर काहीतरी शोधल्यासारखं करत खालीच बसून राहतात. पॅड बांधणं म्हणजे स्वतःच्या हातानं पाटी लावण्यासारखं होतं. सांडूनं तरीही धाडस केलं होतं. ते मी एका वाक्यात मोडलं.

दुसऱ्या दिवशी सांडू पॅड न बांधता आला. पण त्याची पँट गुडघ्यांवर जरा फुगलेली दिसत होती. मी बघतोय हे कळल्यावर त्यानं इकडंतिकडं पाहिलं, पुंडलिक नव्हता, मग गुडघ्यावर थाप मारून हळूच म्हणाला, "तुमचा कडुबा, सर."

त्यानं पॅड उसवले होते. वाट्या आणि पट्टे काढून टाकले आणि आतला फोम बायकोकडून, लीलाबाईकडून, पँटीच्या आतून शिवून घेतला. फोम मधे चिरून दोन पँटींना दोन जोड केले होते.

आणि मी काय केलं? मी हसलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतकी वर्षं सांगितलेला किस्सा कुणाच्या तरी कामी आला, असं वाटून मी दिवसभर खुशीत होतो.

पुढचे दोन आठवडे दोन्ही खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघरं झाली. न्हाणीघरात काम ओलं असतं, ढाळ काढायला वेळ लागतो, सांडू तासन् तास घोळात बसलेला असायचा. तो कामाला कधी नव्हे इतका भराभर सरकत होता. गुडघे दुखत नाहीत म्हणायचा. एकदा म्हणाला, "दुखत नाय, पर आग आग होती जरा." मी म्हणालो, "मार्च आहे बाबा, सगळ्यांचीच होतेय." एकदा त्याच्या पँटीला गुडघ्यापाशी पिवळट डाग दिसला. मला वाटलं चहा सांडला असेल. त्याला साखरेचा आजार होता आणि त्यामुळं पायांना बधिरपणा होता, हे मी कधी विचारलं नव्हतं. माझ्याकडे तो काम करत होता त्या अख्ख्या महिन्यात मी त्याला विचारलेले जवळजवळ सगळे प्रश्न फरशीबद्दलच होते.

शेवटच्या दिवशी दुपारी त्यानं दारातली शेवटची फरशी बसवली. पेरानं वाजवली. कान दिला. आणि उठलाच नाही.

"काय झालं रे?"

"पँट चिकटली वाटतं."

मी हात दिला तेव्हा त्याचं अंग तापानं फणफणत होतं. रूपाला फोन केला. ती शेंद्र्याहून स्कूटीवर आली, कंपनीच्या निळ्या शर्टातच. माझ्याच ओट्यावर तिनं बापाची पँट कात्रीनं कापली. फोम सिमेंटनं दगड झाला होता, आणि तो काढताना त्याच्यासोबत कातडी आली. खालचं मांस काही ठिकाणी पांढरं होतं, काही ठिकाणी काळं. ओल्या सिमेंटातला चुना कातडी खातो. उघड्या गुडघ्यावरचा घोळ माणूस निदान धुऊन तरी टाकतो. इथं तो फोमनं शोषून घेतला होता आणि दिवस दिवस, त्याच्या सगळ्या वजनानं, कातडीवर दाबून धरला होता.

रूपा रडली नाही. ती चिडली. "पप्पा, भाहेरून बांधायचे होते! दहादा सांगितलं होतं मी. आतून शिवायचं कोणी सांगितलं तुम्हाला?"

सांडूनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग म्हणाला, "कोणी नाय. माझंच डोकं."

मी तिथं उभा होतो. एरवी एका वाक्याला चार वाक्यं चिकटवणारा माणूस, तोंडातून शब्द काढू शकलो नाही. हे लिहिण्याचं कारण तेवढंच आहे. तिच्यासमोर मी तेव्हा गप्प बसलो.

घाटीत, म्हणजे शहरातल्या सरकारी दवाखान्यात, तो दीड महिना होता. डाव्या गुडघ्यात विष सांध्यापर्यंत गेलं होतं. दोन शस्त्रक्रिया झाल्या, मांडीची कातडी काढून लावली. डॉक्टर म्हणाले, पाय वाचला हेच खूप आहे, पण डावा गुडघा आता वाकायचा नाही. उजवा थोडा वाकेल.

मी भेटायला गेलो तेव्हा संत्री घेऊन गेलो होतो. मनात सगळं जुळवून नेलं होतं, की सांडूराव, चूक माझी, तुम्ही माझ्या थट्टेपायी हे केलंत. तोंड उघडलं आणि 'सांडूराव, तुम्ही' एवढंच निघालं. तो दचकून माझ्याकडे बघायला लागला.

"सर, आरे म्हना की. असं का बोलताय? मी मरतोय का काय?"

शेजारच्या खाटेवर एक बाई म्हाताऱ्याला भाकर भरवत होती. तिच्याकडे बघत तोच म्हणाला.

"लई डोकं होतं तुमच्या कडुबाला. पर त्यो कोरड्यात बसायचा सर. मी वल्यात. येवढंच ध्यानात आलं नाय माझ्या."

मला वाटलं, यानं मला शिव्या द्याव्यात. त्यानं संत्रं सोलून अर्धं माझ्या हातात दिलं.

पुंडलिकनं चार मजल्यांच्या कामाला दुसरे मिस्त्री घेतले. एकदाही दवाखान्यात गेला नाही. मी त्याला रस्त्यात गाठून बोललो, पूर्वीसारखाच, आठवडाभर मान वर होणार नाही असं. तो शांतपणे म्हणाला, "सर, हसलो आपण दोघंबी."

बुद्धपौर्णिमेला सांडूनं निरोप पाठवला. मी एसटीनं देवगावला उतरलो. कन्नड तालुक्यात नोकरीची सारी वर्षं काढली, देवगावला लग्नांना, सप्त्यांना, निवडणुकीच्या कामाला कितीदा आलो असेन. या वस्तीत मात्र पहिल्यांदाच पाय ठेवला. विहाराची फरशी सांडूच्या चुलतभावानं, सोमनाथनं बसवली होती. रूपानं त्याच्यासाठी पॅडची नवी जोडी आणली होती आणि ते बाहेरून बांधल्याशिवाय त्याला आत सोडलं नव्हतं, असं लीलाबाईंनी मला दारातच सांगितलं. सांडू तीन दिवस प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाय पुढं लांब करून, काठी घेऊन बसला होता. काठीनंच फरश्या वाजवत होता. दोन फरश्या त्यानं उखडायला लावल्या होत्या.

काम चांगलं झालं होतं. पांढरी फरशी, मधे निळी किनार. चपला काढून आत गेलो. तळपायांना गार लागलं.

सांडू मागं, भिंतीशी, त्याच खुर्चीत होता. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खांद्यावर पांढरा पंचा. डावा पाय ओंडक्यासारखा समोर. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. भन्तेजी आले, सगळे उठले, आणि मग वंदनेसाठी सगळी वस्ती एकदम गुडघ्यांवर बसली. बायका, म्हातारे, सोमनाथ, रूपा, लीलाबाई. वर राहिलो आम्ही दोघंच.

मी त्याच्याकडे बघितलं नसतं तर बरं झालं असतं. आईनं सांगितलेलं काम झालं होतं. जमीन गुळगुळीत होती, एक खडा नव्हता. एवढ्या एका गोष्टीसाठी त्यानं गुडघे जपून ठेवले होते, आणि तीच आता त्याच्या पायांखाली, दीड हातावर होती. त्यानं खुर्चीतच हात जोडले आणि पुढं झुकायचा प्रयत्न केला. डावा पाय आडवा आला. पुन्हा झुकला. मग तो तसाच मागं टेकला, हात जोडलेलेच, आणि त्याची हनुवटी थरथरायला लागली. घाटीत तो रडला नव्हता.

मला उभं राहवेना. मी खाली बसलो, गुडघ्यांवर, त्याच्या खुर्चीला लागून. माझा त्या वंदनेशी संबंध नव्हता, तिचे शब्द मला येत नव्हते. पहिला मिनिटभर काही वाटलं नाही. दुसऱ्या मिनिटाला गुडघ्यांच्या वाट्यांमध्ये कळ यायला लागली. मी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर भार दिला. मग परत पहिल्यावर. पोरांना मी तासभर बसवायचो. चुळबुळ करणाऱ्याच्या नावानं वर्गाला हसवायचो.

वरून काहीतरी खांद्याला लागलं. सांडूनं पंचा काढून चौपदरी घडी केली होती, गोणीची करायचा तशीच, आणि माझ्यापुढं धरली होती.

"घ्या सर. खाली घ्या. सवय नसली की लई लागतं."

पुढच्या रांगेतली दोन पोरं वळून बघायला लागली. मग त्यांच्या आया. मग सोमनाथ. माझा हात पुढं होईना.

"घ्या की," तो म्हणाला.

सगळ्यांच्या देखत मी तो पंचा घेतला, गुडघे उचलले आणि खाली सरकवला. कुणी हसलं नाही.